दारूचा परवाना आणि गावाचा शब्द

पनवेलची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील अगदी पहिल्या नगरपालिकांत तिची गणना होते, आणि आपल्या गावाला या गोष्टीचा रास्त अभिमान आहे. रस्ते झाडावेत, दिवे लावावेत, तळ्यांची व गटारांची निगा राखावी, बाजाराला शिस्त लावावी, अशी कामे गावाने गावच्या पैशाने व गावच्या विचाराने करावीत हा तिच्यामागील हेतू होता. परंतु आपल्या हद्दीत दारूचे दुकान असावे की नसावे, असलेच तर कोणत्या आळीत असावे व किती असावीत, हे ठरविण्याचा अधिकार मात्र या जुन्या नगरपालिकेला मिळाला नाही. तो जिल्ह्याच्या कलेक्टरापाशी राहिला. पुढे राज्ये बदलली, कायद्याचे नाव बदलले, नगरपालिकेची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. परवान्यावरची सही मात्र गावाबाहेरचीच राहिली.

दारूचे गुणदोष सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतलेला नाही. ते काम संतांनी, कीर्तनकारांनी आणि वैद्यांनी पुष्कळ केले आहे. आम्हाला येथे एकाच प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा आहे. दारूच्या दुकानाच्या बाबतीत गावाचा शब्द केव्हा विचारला गेला, कोणी विचारला, आणि तो कितपत मानला गेला? दीडशे वर्षांच्या कायद्यांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे जुन्या कलमांच्या आडून आपल्याच तालुक्यातील माणसे दिसू लागतात.

प्रथम आपल्या भागाची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. पनवेल हे खाडीवरचे बंदर. मुंबईहून निघालेला प्रवासी गलबतातून येथे उतरे आणि पुढे घाटाची वाट धरी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि मुंबई-पुण्याच्या वाहतुकीचे पनवेल हे एक नाके बनले. खाडीकाठी मिठागरे होती, किनाऱ्याला माडाताडांच्या बागा होत्या, आणि पूर्वेकडील डोंगरांत मोहाची झाडे होती. इंग्रज सरकारच्या मुंबई इलाख्यात जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही चार खाती एकाच कमिशनरच्या हाताखाली असत. त्या कमिशनरला वाटेल तितके काम एकट्या पनवेल तालुक्यात होते, असे म्हटले तर ते विनोदाने म्हटल्यासारखे वाटेल, पण खरे आहे. शिवाय उरण हा त्या वेळी पनवेल तालुक्याचाच एक पेटा होता. आणि मुंबई शहराला लागणारी मोहाची दारू मुख्यतः उरणच्या भट्ट्यांत गाळली जात असे.

इंग्रजी अमलापूर्वी कोकणात दारू नव्हती असे नाही. पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना न्यायमूर्ती रानडे यांनी दाखविले आहे की, पेशवाईत मद्याला सामान्यतः बंदी असली तरी किनाऱ्यावरच्या भंडारी, कोळी वगैरे लोकांना मोकळीक होती, आणि या बाबीपासून सरकारला होणारे उत्पन्न अगदी किरकोळ होते. यातील दुसरा भाग महत्त्वाचा आहे. राज्यकर्त्याला दारू आवडत नव्हती, पण दारूवर त्याचे पोटही भरत नव्हते. म्हणून रिवाजाने जे चालते ते चालू द्यावे, अशी ती व्यवस्था होती.

ही व्यवस्था मोडली ती मक्त्याने. मक्ता म्हणजे विक्रीचा हक्क लिलावाने एकाला देणे आणि त्याच्याकडून ठरीव रक्कम घेणे. आपल्या भाषेत दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात. हा शब्द दक्षिणेकडील भाषांतून आपल्याकडे आला असून त्याचा मूळ अर्थ मक्ता, ठेका असाच आहे. म्हणजे गुत्ता या शब्दात दारूचा वाससुद्धा नाही. त्यात आहे तो सरकारी लिलाव. लोकांनी दुकानाला त्याच्या मालावरून नाव दिले नाही, त्याच्या हक्कावरून दिले. हे दुकान आपल्या गरजेतून उगवलेले नसून वरून बसविलेले आहे, ही जाणीव त्या एका शब्दात टिकून राहिली आहे.

मक्त्याच्या या पद्धतीला पक्के रूप आले ते १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. त्या वर्षाच्या पाचव्या क्रमांकाचा हा कायदा, आणि त्याच्या अंमलबजावणीमागील मुख्य पुरुष म्हणजे कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड. कायद्याची रचना तशी साधी होती. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करावयाच्या. दारू मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या ठिकाणीच गाळावयाची. तिचा कडकपणा ठरवून द्यावयाचा, भट्टीतून बाहेर पडतानाच तिच्यावर कर घ्यावयाचा, आणि ती फक्त परवानेवाल्या दुकानातूनच विकावयाची. ‘कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त उत्पन्न’ हे आपले धोरण आहे, असे सरकार त्या काळी सांगत असे. यातील पहिला अर्धा भाग भाषणांत आणि दुसरा अर्धा भाग हिशेबाच्या वहीत दिसे, असा लोकांचा अनुभव होता.

या कायद्याची झळ आपल्या भागात दोन प्रकारच्या माणसांना लागली. पहिला भंडारी. माडावर चढून माडी-ताडी काढणे हा त्याचा पिढीजात धंदा. पूर्वी झाडामागे लहानसा कर भरून तो आपला माल काढी, त्यातून थोडी दारूही गाळी. नव्या पद्धतीत गाळण्याचा हक्क गेला आणि झाडावरचा कर कित्येक पटींनी वाढला. ठाणे व कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनी अर्जांवर अर्ज केले. त्यांचे म्हणणे असे होते की, झाड आमचे, कष्ट आमचे, आणि चढण्याआधीच कर भरावयाचा तर फांदी धरावयास हातात काय उरते? दुसरा माणूस डोंगरातला, कातकरी, ठाकूर. त्याला मोहाची फुले अन्न म्हणूनही लागत आणि सणासमारंभाला, देवकार्याला दारूसाठीही लागत. त्याचे गाळणे हा आता गुन्हा झाला. दारू पिणे मात्र गुन्हा नव्हता. तीच दारू गुत्त्यावर जाऊन, रोख पैसे देऊन पिण्यास कोणाची हरकत नव्हती. ज्याच्याजवळ रोख नसे, तो उधारीने पिई. आणि गुत्तेदाराची उधारी पुढे पिकावर किंवा वेठीवर कशी चढे, हे जुन्या कोकणात कोणाला सांगावे लागत नसे.

शहरांतही याच सुमारास हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. जुलै १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात दारूची दुकाने वाढत चालल्याबद्दल हरकत घेतली, आणि लोकांची नीती व आरोग्य यांवर होणाऱ्या परिणामाकडे लक्ष वेधले. सरकारने नेमलेला सभासद सरकारच्याच उत्पन्नाच्या बाबीविरुद्ध लिहितो, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. पण या पत्राचे खरे महत्त्व आम्हाला आणखी एका कारणासाठी वाटते. आरोग्य ही नगरपालिकेची जबाबदारी, आणि आरोग्य बिघडविणाऱ्या दुकानाचा परवाना दुसऱ्याच्या हाती. घर झाडावयाचे एकाने आणि केर टाकण्याची परवानगी द्यावयाची दुसऱ्याने, ही विसंगती फुल्यांनी नेमकी हेरली होती.

१८८६ च्या सुमारास ठाणे-कुलाबा पट्ट्यात एक विलक्षण प्रकार घडला. गावोगावच्या जातपंचायती बसल्या आणि त्यांनी दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या. जो पिईल त्याला दंड ठरला. गुत्ते ओस पडू लागले. सरकार तोंडाने ‘कमीत कमी खप’ म्हणत होतेच. तेव्हा लोकांनी आपण होऊन खप कमी केला, यात आनंद मानावयास हवा होता. झाले उलटेच. अधिकाऱ्यांनी या शपथांकडे संशयाने पाहिले. ही दारूबंदी नसून अबकारी कराविरुद्धचा कट आहे, असे त्यांना वाटले. आणि त्यात अगदीच तथ्य नव्हते असेही नाही. लोकांना परवडणारी दारू बंद करून महाग दारू माथी मारली जात होती, तिला दिलेले ते उत्तर होते. परंतु त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. दुकान उघडणे सरकारच्या हाती असेल, पण दुकान चालविणे गावाच्या हाती आहे, हे आगरी, कोळी आणि कुणबी यांनी कोणत्याही कायद्याच्या आधारावाचून दाखवून दिले. गावाच्या शब्दाचा आपल्या भागातील हा पहिला मोठा उच्चार होय.

पुढील पायरी विलायतेत घडली. हिंदुस्थानातील अबकारी पद्धतीवर टीका करणारा ठराव सॅम्युअल स्मिथ यांनी ३० एप्रिल १८८९ रोजी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये आणला, डब्ल्यू. एस. केन हे त्यांचे मोठे साथीदार होते. सरकारच्या विरोधाला न जुमानता ठराव ११३ विरुद्ध १०३ मतांनी संमत झाला. त्याला उत्तर देताना १८९० साली हिंदुस्थान सरकारने आपली अबकारी तत्त्वे मांडली. चोरटी दारू न वाढेल इतपत कर चढा ठेवावा, दुकानांची संख्या मर्यादित असावी, आणि दुकान उघडण्यापूर्वी स्थानिक लोकमताचा अंदाज घेऊन त्याला वाजवी मान द्यावा, असे त्यांत म्हटले होते. स्थानिक लोकमत हा शब्द सरकारी कागदात असा स्पष्ट आला. मात्र ‘अंदाज घ्यावा’ आणि ‘वाजवी मान द्यावा’ या दोन्ही क्रियापदांचा कर्ता कलेक्टरच होता. लोकमत काय आहे हे ठरविणारा तोच, आणि त्याला किती मान देणे वाजवी हेही ठरविणारा तोच.

याचा प्रत्यय यावयास फार दिवस लागले नाहीत. १८९२ साली मुंबई सरकारने एक खास स्थानिक कायदा केला; त्या वर्षाचा तिसरा. मोहफुलांपासून चोरटी दारू गाळली जाऊ नये, यासाठी तो फक्त ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांकरिता होता. पनवेल तालुका १८८३ साली ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडला गेला होता. पण कायद्याचे जाळे दोन्ही जिल्ह्यांवर पसरलेले असल्यामुळे पनवेल कोठेही असते तरी त्यातून सुटले नसते. या कायद्याने मोहफुले जवळ बाळगणे, त्यांची ने-आण करणे, ती विकणे यांवर निर्बंध आले. दारू दूर राहिली, फुलावरच पहारा बसला. फूल रानातले, झाड दारचे, आणि ते वेचून घरात साठविले की त्याचा जाब द्यावयाचा. आणि याच वेळी उरणच्या भट्ट्यांसाठी लागणारी मोहफुले गुजरातेकडून आणली जात होती. ज्या तालुक्यात मोठ्या भट्टीसाठी परप्रांतातून फुलांची पोती उतरत, त्याच तालुक्यातल्या कातकऱ्याला टोपलीभर फुलांसाठी घाबरावे लागे. कायद्याचा कल कोणाकडे होता, हे समजण्यास यापेक्षा अधिक पुराव्याची गरज नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाला राजकीय धार आली. १९०५-०६ साली हिंदुस्थान सरकारच्या अबकारी समितीने देशभराच्या पद्धतीची पाहणी केली. १९०८ साली पुण्यात दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले आणि लोकमान्यांनी त्या चळवळीला पाठिंबा दिला. १९१९ च्या सुधारणांनी अबकारी हे सोपीव खाते झाले, म्हणजे ते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. दुकानांना पुरविल्या जाणाऱ्या दारूचे प्रमाण ठरवून ते कमी करीत जाण्याचा प्रयोगही मुंबई इलाख्यात झाला. परंतु अबकारीचे उत्पन्न प्रांताच्या तिजोरीत इतके मुरले होते की, त्यातून शाळा चालत, दवाखाने चालत. दारू बंद करा म्हणणाऱ्याला ‘मग शाळा कशावर चालवू?’ असे विचारण्याची सोय झाली. हा प्रश्न आजही तितक्याच सहजपणे विचारला जातो.

१९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. १९३८ साली अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मिळकतीवर कर बसला. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा, अधिक निश्चयाने हाती घेण्यात आला. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा त्या साली जूनमध्ये अमलात आला, आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी झाली. ६ एप्रिल हा दांडीच्या मिठाचा दिवस. तो मुद्दाम निवडला होता. १८७८ चा अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहफुलांचा कायदा हे दोन्ही या अधिनियमाने रद्द झाले. पण मोहफुलांवरील निर्बंध मात्र नव्या कायद्याने आपल्या पोटात घेतले. राज्यकर्ते बदलले तरी टोपलीवरचा पहारा उठला नाही. तो उठला २०२१ साली, जेव्हा महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची ने-आण करणे यांवरील निर्बंध काढून टाकले. पनवेलच्या डोंगरातील कातकऱ्याच्या हिशेबाने मोजले तर हा एक कायदा एकशे एकोणतीस वर्षे जगला.

१९४९ च्या अधिनियमाला लगेच न्यायालयात आव्हान मिळाले. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे १९५१ मध्ये निर्णय दिला. औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांपुरती आणि आणखी काही थोडी कलमे गेली, पण कायद्याचा सांगाडा शाबूत राहिला. राज्याला दारूबंदी करण्याचा अधिकार आहे, हे त्यातून पक्के झाले. परंतु अधिकार असणे आणि अंमल होणे या दोन गोष्टी निराळ्या. अर्ध्या वस्तीला जी गोष्ट हवी आहे ती कायद्याने बंद केली की ती खाडीच्या बाजूने येते. मुंबईसारखे गिऱ्हाईक समोर असताना भोवतालच्या भागात चोरट्या भट्ट्या पेटल्या, हातभट्टी हा शब्द घरोघर झाला. गांधीवाद्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण येथेही गावाला विचारले गेले नव्हते. परकीय सरकारने दुकान वरून उघडले होते, स्वकीय सरकारने ते वरूनच बंद केले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर, विशेषतः वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत, हा कायदा सैल होत गेला. सैल करण्याची रीत मात्र पाहण्याजोगी आहे. दारूबंदीचा अधिनियम रद्द केला नाही. बंदी कायम ठेवून तिला परवान्यांची छिद्रे पाडण्यात आली. परदेशी पद्धतीच्या मद्यासाठी १९५३ चे नियम होतेच. देशी दारूसाठी १९७३ चे नियम आले. २०१२ साली कायद्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, पण ‘दारूबंदी’ हा शब्द जागचा हलला नाही. आजही कायद्याच्या भाषेत महाराष्ट्रात दारू पिणे हा अपवाद आहे आणि त्या अपवादासाठी पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा जन्मभराचा. म्हणूनच आपल्या महामार्गावर जागोजाग ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसते. तो खोलीचा प्रकार नव्हे. परमिट असलेल्या माणसाने बसून पिण्याची जागा, असा त्याचा अर्थ. पाटी आहे, खोली आहे, परमिट कोणी विचारीत नाही. गुत्ता या शब्दात एका राज्याचा लिलाव गोठला आहे, तसा परमिट रूम या शब्दात दुसऱ्या राज्याचा संकोच गोठला आहे.

एवढ्या सगळ्या प्रवासात गावाला मतपेटी प्रथम मिळाली ती अगदी अलीकडे, आणि ती मिळवली बायकांनी. ज्या घरात दारूचा पैसा जातो त्या घरातील चूल विझते, हे जिने सोसले तिने ग्रामसभेत उठून बोलावयास सुरुवात केली. अनेक जिल्ह्यांतील स्त्रियांच्या चळवळीनंतर सरकारने मार्च २००८ मध्ये आदेश काढला. गावातील पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली तर चालू दुकानाविषयी गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. निम्म्याहून अधिक मत आडव्या बाटलीला पडले तर परवाना बंद. पुढे शहरांतील प्रभागांनाही ही सोय लागू झाली. १८९० साली कलेक्टराने घ्यावयाच्या ‘अंदाजा’च्या जागी मोजता येणारे मत आले. लोकमताला वाजवी मान किती द्यावा, हा प्रश्न प्रथमच अधिकाऱ्याच्या मर्जीतून निघून आकड्यात आला.

आपल्या पनवेलच्या परिसरात या प्रश्नाचे आजचे रूप खारघरमध्ये पाहावयास मिळते. नव्या वसाहतीचे हे उपनगर पूर्वी ग्रामपंचायतीत होते, आणि ग्रामपंचायतीच्या काळात तेथे दारूबंदीचा ठराव झाला होता. २०१६ साली खारघर, कळंबोली, कामोठे ही उपनगरे आणि पनवेल शहर मिळून महानगरपालिका झाली. तेव्हा ग्रामपंचायत विसर्जित झाली. मग तिच्या ठरावाचे काय? तो ठराव कायद्याने बांधील नव्हता, असे म्हणता येईल. पण लोकांच्या मनाने तो मोडीत काढला नाही. तेथे नव्या परवान्याची चाहूल लागली की नागरिक रस्त्यावर येतात, निवेदने देतात, मोर्चे काढतात. या मोर्चातील माणसे १८८६ च्या आगरी-कोळ्यांप्रमाणे जातपंचायतीने बांधलेली नाहीत. ती निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत राहणारी आहेत. तरी त्यांचा प्रश्न तोच आहे. येथे राहणार आम्ही. मग दुकानाविषयी आमचा शब्द का नको?

याच सुमारास महामार्गाच्या निमित्ताने एक बोधप्रद प्रकरण घडले. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. लहान वस्तीच्या ठिकाणी हे अंतर पुढे दोनशे वीस मीटर करण्यात आले. १ एप्रिल २०१७ पासून दुकाने बंद होऊ लागली. पुण्याचा आणि गोव्याचा असे दोन महामार्ग ज्याच्या अंगावरून जातात त्या पनवेलवर याचा परिणाम होणे अटळ होते. पण जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, नगरपालिकांच्या हद्दीतील परवानेदार दुकानांना ही मनाई नाही. म्हणजे तोच रस्ता, तेच वाहन, तोच चालक. पण हद्दीचा दगड ओलांडला की नियम निराळा. नगरपालिकेची हद्द दारूच्या बाबतीत इतकी निर्णायक ठरली, आणि त्या हद्दीच्या आत परवाना देण्याचा अधिकार मात्र नगरपालिकेला नाही. १८५२ पासूनचा आपला प्रश्न इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कशातून दिसला नसता.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गावाचा शब्द नेहमी शहाणाच असेल, असे कोणी सांगावे? १९९१ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने माणसे पटापट मेली. मालवणीतील मृतांचा आकडा शंभराहून अधिक होता. परवानेवाले दुकान बंद केले आणि मागच्या गल्लीतील हातभट्टी चालू राहिली, तर आपण गरिबाला विषाच्या दारी नेऊन सोडतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली; चोरट्या विक्रीचे कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. शिवाय ज्याला मर्यादेत, कायद्याने प्यावयाचे आहे त्याच्या स्वातंत्र्याचाही विचार करावा लागतो. बहुमताने शेजाऱ्याच्या घरात डोकावू नये, हेही लोकशाहीचेच तत्त्व आहे.

हे सारे मान्य करूनही आमचा निष्कर्ष बदलत नाही. कारण आमचे म्हणणे दारू बंद करा किंवा चालू ठेवा, असे नाहीच. कोणी काय प्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न असेल. पण दुकान कोठे असावे हा शेजाऱ्यांचा प्रश्न आहे. शाळेच्या वाटेवर, देवळाच्या समोर, बायका पाण्याला किंवा कामाला जातात त्या रस्त्यावर दुकान असावे की नाही, हे त्या रस्त्याने चालणारा माणूस जितके जाणतो तितके अलिबागच्या कचेरीतील टेबल जाणत नाही. सरकारालाही हे हळूहळू पटत चालले आहे. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गाळ्यात नवे दुकान उघडावयाचे असेल तर त्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर करण्यात आले. १८७८ पासून मोजले तर जिल्ह्याच्या कचेरीतून निघालेला हा अधिकार गावाच्या वेशीपर्यंत, वेशीतून प्रभागापर्यंत आणि प्रभागातून इमारतीच्या जिन्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. यावयास त्याला सुमारे दीडशे वर्षे लागली.

मात्र मिळालेला अधिकार वापरला नाही तर तो गंजतो. आडव्या बाटलीच्या मतदानाची मागणी करावयाची तर सह्या गोळा कराव्या लागतात, त्या सह्यांची पडताळणी होते, मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडावे लागते. एक मोर्चा काढून आणि एक निवेदन देऊन आपण पुष्कळ केले, असे समजण्याची शहरी सवय आपल्याला लागली आहे. १८८६ च्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या खेडुतांनी निवेदन दिले नव्हते. त्यांनी आपला शब्द दिला होता आणि तो पाळलाही होता. त्यांच्यामागे कायदा नव्हता, आपल्यामागे आहे. तेव्हा यापुढे एखाद्या आळीत न विचारता दुकान उघडले, तर त्या दोषाची वाटणी करताना सबंध वाटा सरकारच्या पदरात घालून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

नगरपालिका १८५२ साली स्थापन करणाऱ्या पनवेलकरांनी आपल्या गावचा कारभार आपण पाहू, असे म्हटले होते. त्यांच्या यादीत दिवे होते, रस्ते होते, गटारे होती. त्या यादीत राहून गेलेली एक बाब पुरी करून घेणे आता आपल्याकडे आले आहे.